दुसरा हुंकारा

त्या वर्षी घाटंजीत संध्याकाळी सहा ते साडेनऊ भारनियमन असे. बातम्या पाठवायची वेळ आणि वीज जायची वेळ एकच. फॅक्स बंद पडला की टेलिफोनवरून नागपूरला, वर्तमानपत्राच्या कचेरीत, बातमी सांगायची. पलीकडे नानाजी असत. मी एक वाक्य सांगे, ते लिहून घेत आणि ‘हूं’ म्हणत. पुढचं वाक्य. ‘हूं.’ हूं आला नाही तर तेच वाक्य परत सांगायचं. नऊ वर्षं मी अशा बातम्या सांगितल्या. वाक्य संपलं की थांबायची सवयच लागली. जेवतानाही थांबता, असं बायको म्हणते.

एकदा मी नानाजींना विचारलं, “नुसतं हूं काय म्हणता? बातमी बरी आहे, वाईट आहे, काही तरी बोला.”

“बरी का वाईट ते संपादक पाह्यते,” ते म्हणाले. “मी जागा आहो, एवढंच तुले सांगतो.”

पुढे जे लिहितो आहे ते डिसेंबर २००६ ते फेब्रुवारी २००७ या काळातलं आहे. तारखा आणि वेळा माझ्या वहीत आहेत. वही समोर ठेवूनच लिहितो.

यवतमाळला डॉ. सुरभी खोडे नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या. झोपेत श्वास अडणाऱ्या लहान मुलांवर त्या काम करत. घशात मागच्या बाजूला गाठी वाढतात. मूल जागं असेपर्यंत कसंबसं चालतं, झोपलं की वाट बंद होते. श्वास थांबतो, शरीर दचकतं, श्वास घेतं, पुन्हा झोपतं. रात्रभर असं चाललं की मुलाचं वजन वाढत नाही, ते शाळेत पेंगतं, आणि हृदयावर ताण येतो. हे पक्कं करायचं तर यंत्र लावून एक रात्र झोपवावं लागतं. पण कापूस वेचणीच्या दिवसांत कोणती आई दवाखान्यात येऊन राहणार? म्हणून डॉक्टरांनी यंत्रच घरोघरी पाठवायला सुरुवात केली होती. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. त्याचा एक पट्टा छातीला, एक बारीक नळी नाकाखाली, आणि एक चिमटा बोटाला. चिमट्यात लाल दिवा.

“अडचण यंत्राची नाही,” डॉक्टर मला म्हणाल्या होत्या. “आपल्याकडे घोरणाऱ्या पोराचं कौतुक होतं. घोरतो म्हणजे गाढ झोपतो. आणि मध्येच घोरणं थांबलं की आई म्हणते, आता कसा शांत झोपला. नेमका तेव्हा त्याचा श्वास थांबलेला असतो.”

ही दोन वाक्यं मी बातमीत तशीच घातली. नोव्हेंबरच्या शेवटी ती छापून आली. आठवड्याने एक बाई बातमीचं कात्रण घेऊन घाटंजीच्या माझ्या कार्यालयात आली. शीला इंद्रजित भगत. गाव घाटंजीपासून सोळा किलोमीटरवर. गावाचं नाव लिहू नका, असं तिने नंतर सांगितलं, म्हणून लिहीत नाही. तिचा मुलगा रोशन सात वर्षांचा होता आणि त्याचं वजन पाच वर्षांच्या मुलाएवढं होतं.

डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि यंत्र माझ्याकडे दिलं. माझी मोटरसायकल त्याच रस्त्याने रोज जायची. वीस जानेवारीला यवतमाळात शस्त्रक्रियेचं शिबिर होतं. नागपूरहून सर्जन येणार होते. बारा मुलं घ्यायची, आणि ती यंत्राच्या रिपोर्टवरून ठरवायची. पुढचं शिबिर वर्षभराने.

सोळा डिसेंबरला दुपारी चार वाजता मी शीलाताईच्या घरी पोचलो. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत अर्ध्याहून जास्त कापूस, आढ्यापर्यंत. भाव वाढेल म्हणून त्या वर्षी गावोगाव कापूस घरातच होता आणि माणसं उरलेल्या जागेत राहत होती. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीचा फोटो. सरकीचा कोंदट वास. रोशन ढिगाच्या पायथ्याशी तोंड उघडं ठेवून बसला होता. डोळ्यांखाली काळं.

तिचा नवरा इंद्रजित जिनिंगच्या कारखान्यात रातपाळीला निघाला होता. मला पाहून थांबला. “घ्या, तपासा आमचं इंजिन. गावातले म्हनतेत, इंद्र्या, पोराले वावरात बसव, मोटरपंपाचं काम नाही तुले.”

“जा तुम्ही,” शीलाताई म्हणाली.

“फोटो येईन काय पेपरात?”

“तुमचा नाही, पोराचा.”

“मंग कायले थांबू,” असं म्हणून तो सायकलवर बसला.

मी पट्टा कसा बांधायचा ते दाखवत होतो. रोशनने चिमट्यातल्या लाल उजेडाकडे पाहत विचारलं, “हे चावते काय?” मी नाही म्हटल्यावर त्याने ते आधी माझ्या बोटाला लावून पाहिलं, मग स्वतःच्या.

मी फोटोकडे पाहतो आहे हे शीलाताईच्या लक्षात आलं.

“मैत्रेयी,” ती म्हणाली. “थोरली. दोन वर्षं झाली. नऊ वर्षांची होती. रात्री जेवली, झोपली, सकायी उठलीच नाही. लय घोरे. मी शेजारच्या नंदाबाईले बोलावून दाखवो, पाहा म्हणो, पोरगी कशी गाढ झोपते. मधातच चूप झाली का मले बरं वाटे.” ती पट्ट्याचं बक्कल लावून पाहत होती. “ते काहून गेली, मले कोनी सांगतलं नोहोतं. तुमच्या बातमीत वाचलं तवा समजलं.”

बातमीबद्दल मला बऱ्याच लोकांनी बरंच काही सांगितलं आहे. असं कुणी सांगितलं नव्हतं.

यंत्रात आवाज भरला जात नसे. लेखासाठी मला तो हवा होता, म्हणून मी माझा रेकॉर्डर कोनाड्यात ठेवला. बोटभर लांबीचा. त्यात एका रात्रीचंच मावायचं, पुढचं भरायला आधीचं पुसावं लागे.

सकाळी यंत्र यवतमाळला पोचवलं. डॉक्टरांनी कागद काढला आणि दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिला.

“स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. “मुलांत सलग दोन श्वास चुकले तरच श्वास थांबला असं धरतात. याच्या वयाला साधारण सहा सेकंद. एकदाही सहा झालेले नाहीत.”

“म्हणजे बरं आहे ना?”

“नाही. श्वास अडलाय. दोनशे बारा वेळा अडलाय. पण प्रत्येक वेळी पाचव्या सेकंदाला सुटलाय. प्रत्येक वेळी, पाचव्याच.” त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. सारख्या अंतरावर सारख्या खाचा होत्या, पट्टीने आखल्यासारख्या. “शरीर इतकं वेळेचं पक्कं नसतं. पट्टा नीट बसला नसेल. पुन्हा लावा.”

पुन्हा लावला. अठरा तारखेचा कागद तसाच आला. दोनशे सात वेळा. पाचवा सेकंद.

“कागदावर हा मुलगा ठणठणीत आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “मी याला यादीत घेतला तर कागदावरही जो आजारी आहे असा एक मुलगा यादीतून गळेल. आणि खरं सांगते, याचं हृदय वर्षभर दम धरेल असं मला वाटत नाही.”

पहिल्या रात्रीचं ध्वनिमुद्रण मी ऐकलं नव्हतं. घाई होती, पुसून टाकलं होतं. दुसऱ्या रात्रीचं मी एकोणीस तारखेला, भर दुपारी, कार्यालयात बसून ऐकायला घेतलं. समोर चहा, रस्त्यावर बाजाराची गर्दी. कान झाकणारे हेडफोन लावले, वही उघडली आणि भाषण उतरवतात तसं उतरवायला लागलो.

सुरुवातीला शीलाताई गोष्ट सांगत होती.

“एक बाई होती.”

“हूं,” रोशन.

“घाटंजीच्या बाजारात तिचा आवाज हरपला.”

“हूं.”

“मंग ते कांदेवालीकडे गेली. म्हने, माहा आवाज पाह्यला काय?”

यावर हूं आला नाही. पोरगं झोपलं होतं. गोष्ट तिथेच थांबली. भांड्याचा आवाज, पांघरुणाची सळसळ. मग घोरणं सुरू झालं. सात वर्षांच्या मुलाच्या छातीतून असा आवाज येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. ओल्या दोरीने रहाटावरून बादली ओढावी तसा.

दहा वाजून बावन्न मिनिटांनी तो थांबला.

मी मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार.

“हूं.”

आणि लगेच, थोडा घोगरा, दुसरा: “हूं.”

रोशनने मोठा श्वास ओढला. घोरणं पुन्हा सुरू झालं.

आई जागी असेल, पोराला हलवत असेल, असं मी धरलं. वहीत तसं लिहिलंही: ‘आईचा आवाज?’ पुढचा थांबा अकराला तीन मिनिटं कमी असताना. हूं. हूं. त्याच्या पुढचा. हूं. हूं. साडेअकराच्या सुमारास रेकॉर्डरजवळ आईचा स्वतःचा झोपेतला श्वास ऐकू यायला लागला, लांब, थकलेला. तो चालू असतानाही मुलाचा श्वास थांबला, आणि हूं, हूं.

दोन वाजून चौदा मिनिटांनी आई उठली. बांगड्या, कडी, दार. बाहेर लांबवर पाण्याचा आवाज. ती आत नसताना श्वास थांबला.

एक, दोन, तीन, चार.

हूं. हूं.

इंद्रजित जिनिंगवर होता. त्याची हजेरी मी नंतर तपासली. घरात चौथं माणूस नव्हतं. मी ‘आईचा आवाज?’ यावर काट मारली आणि त्या जागी काहीच लिहिलं नाही. चहावर साय कधीचीच आली होती. पहाटेपर्यंतचे सगळे थांबे वहीत उतरवायला मला रात्र झाली.

वीस तारखेला दुपारी मी गावात गेलो. शीलाताई ढिगाशी बसून कापसातला पालापाचोळा वेचत होती. रोशन शाळेत होता. मी रेकॉर्डर काढला आणि म्हटलं, “रात्री घरात आणखी कोण असतं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. रेकॉर्डरकडे पाहिलं.

“दोनदा येते न?” ती म्हणाली.

मी तोवर काहीही ऐकवलं नव्हतं.

मी बटण दाबलं. तिने तीन थांबे ऐकले. तिच्या हातात कापसाचं एक बोंड होतं, ते तिने मांडीवर ठेवलं.

“मी गोष्ट सांगो दोघायले. हुंकारा नाही आला त मी गोष्ट बंद करो. हा दोन वाक्यात झोपे. तिले त पुरी गोष्ट पाह्यजे. मंग ते दोनदा हूं म्हने. एक तिचा, अन् एक ह्याच्या आवाजात. मी म्हणो, लबाडे, रोश्या झोपला. त म्हने, नाही झोपला, त्याचा बी मीच देतो.” तिने मांडीवरचं बोंड उचललं. “बाजारातल्या बाईची गोष्ट सांगतली त मले म्हने, आवाजच हरपला त मंग ते बाई इचारत कशी होती? मले उत्तर आलं नाही. म्हनून ते गोष्ट कधी पुरीच झाली नाही.”

“तुम्हाला कधीपासून ऐकू येतं?”

“मले नाही येत. मी त रातची मेल्यावानी झोपतो. कवा कवा झोपेत वाटे.” मग तिने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. “भूत म्हणू नका भाऊ. आमी भूत-बित मानत नाही. मैतू हाये.”

जे मला सिद्ध करता येत नाही त्यावर मी बोलत नाही. मी तिला फक्त कागद दाखवला. प्रत्येक खाच पाचव्या सेकंदाला संपते. सहाव्याला गेली असती तर यंत्राने मोजली असती. न मोजल्यामुळे रोशन यादीत नाही.

तिला समजायला वेळ लागला नाही.

“म्हनजे ते त्याले वाचवून राह्यली,” ती म्हणाली, “अन् म्हनूनच तो बिमार दिसून नाही राह्यला.”

“एक रात्र तो आवाज नको. बस, एक रात्र.”

“मंग तुम्ही सांगा तिले.”

“मी?”

“माहं कधी आयकलं तिनं? बाहेरचं मानूस बोललं का मान खाली घालून आयके.”

मला संकोच वाटला, हे नमूद करतो. पण यंत्र चोवीस तारखेला पुढच्या घरी द्यायचं होतं. मी उठून उभा राहिलो. कुठे पाहायचं ते कळेना, म्हणून कापसाच्या ढिगाकडे पाहिलं. रोशन जिथे अंग टाकायचा तिथे खळगा पडला होता. त्याच्या शेजारी आणखी एक होता, लांबीला थोडा मोठा.

“मैत्रेयी,” मी म्हणालो, “आता हूं म्हणू नको.”

बाहेर एक शेळी ओरडली. बाकी काही नाही.

“आयकलं तिनं,” शीलाताई म्हणाली.

त्याच रात्री यंत्र पुन्हा लावायचं ठरलं. डॉक्टरांनी फोनवरून बजावलं, आईने जागं राहायचं, श्वास थांबला की मोजायचं, वीस झाले की कुशीवर वळवायचं. मी माझं मनगटी घड्याळ तिला दिलं. मग रेकॉर्डर रिकामा करून कोनाड्यात ठेवला. आधीची रात्र मी तिच्यासमोर उभा राहून पुसली. तिला ते कळलं नाही. माझ्या मनातही काही आलं नाही. नवं भरायचं तर जुनं पुसावं लागतं, एवढंच.

एकवीस तारखेचा कागद पाहून डॉक्टर खुर्चीतून उठल्या. एकशे अठ्ठ्याऐंशी थांबे. अकरा सेकंद, चौदा, एकोणीस. सर्वांत मोठा सव्वीस. रक्तातला प्राणवायू एकाहत्तर टक्क्यांवर.

“हा मुलगा कालपर्यंत कसा जिवंत होता?” त्या म्हणाल्या. रोशनचं नाव यादीत तिसरं लागलं.

ती रात्र मी पुढच्या दोन दिवसांत दोनदा ऐकली. पहिल्यापासून शेवटपर्यंत शीलाताई कुजबुजत मोजत होती. “...सतरा, अठरा, एकोनीस, वीस. रोश्या, वळ बाबू.” सळसळ, श्वास. पुन्हा मोजणं. हूं कुठेही नव्हता.

चार वाजून नऊ मिनिटांनी तिचं मोजणं अकरावर तुटलं. डोळा लागला असणार. मुलाचा श्वास थांबलेलाच. बारा. तेरा. आता मी मोजत होतो. सोळा. सतरा.

अठराव्या सेकंदाला एक बारीक आवाज आहे. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. शब्द नाही. हूं नाही. मोठ्यांनी बोलू नको म्हटल्यावर लहान मूल दोन्ही हातांनी तोंड दाबून धरतं आणि तरी आतून रडू येतं, तेव्हा नाकातून निघतो तसला आवाज. तो आठ सेकंद चालला.

मग शीलाताई किंचाळली, “रोश्या!” आणि श्वास आला.

शस्त्रक्रिया वीस जानेवारीला झाली. पिकल्या बोरांएवढ्या दोन गाठी आणि मागची वाढ काढली. रोशन तीन दिवसांनी घरी गेला.

नऊ फेब्रुवारीला मी लेखाच्या शेवटासाठी त्या घरी गेलो. कापूस विकला गेला होता. खोली एकदम मोठी आणि रिकामी झाली होती, बोललेलं घुमत होतं. रोशन अंगणात मधली सुट्टी झाल्यासारखा धावत होता. त्याच्या गालांवर रंग होता. इंद्रजित म्हणाला, “इंजिन बंद पडलं भाऊ. आता मलेच झोप लागत नाही.”

शीलाताई हसली नाही. तिची हाडं दिसायला लागली होती. नवरा बाहेर गेल्यावर ती म्हणाली, “त्याचा श्वास आता थांबतच नाही.”

“चांगलं झालं.”

“हो, चांगलं झालं.” ती जमिनीवर एका जागी पाहत होती, पूर्वी ढीग असायचा तिथे. “रोज गोष्ट सांगतो मी. हा झोपला का बी सांगतो. वाक्य झालं का थांबतो. रातभर बसतो. काहीच येत नाही.” मग, अजिबात आवाज न चढवता, “तुम्ही कधीपर्यंत चूप राह्याचं ते सांगतलंच नाही तिले.”

मी नऊ वर्षांत तारीख-वेळ नसलेली एकही बातमी पाठवली नव्हती. ‘आता हूं म्हणू नको.’ माझं वाक्य मला आठवत होतं. त्यात ‘आजची रात्र’ नव्हतं.

“तुम्ही बांधलं, तुम्हीच सोडा,” ती म्हणाली. “बोल म्हणा तिले.”

मी उभा राहिलो. या वेळी संकोच वाटला नाही.

“मैत्रेयी,” मी रिकाम्या खोलीला म्हणालो, “आता बोल बाई.”

माझाच आवाज भिंतीवरून परत आला. आम्ही दोघं उभे राहिलो. किती वेळ, ते मोजलं नाही.

“मंग त्या टेपातलं आयकवा,” ती म्हणाली. “एकडाव. ते दोनदा म्हनते ते.”

मी तिला खरं सांगितलं. तीनही रात्री पुसल्या गेल्या होत्या. शेवटच्या रात्रीवर यवतमाळच्या कापूस परिषदेची भाषणं भरली होती.

तिने नुसती मान हलवली. फोटो होता, गणवेश होता, चपला होत्या, ती म्हणाली. आवाज तेवढा कुठे ठेवला नव्हता.

माझ्याकडे फक्त वही होती. तिने विचारलं, त्यात काय आहे? मी म्हटलं, वेळा. ती म्हणाली, “वाचा.”

मी जमिनीवर बसलो आणि वाचलं. दहा बावन्न, हूं, हूं. दहा सत्तावन्न, हूं, हूं. अकरा वाजून चार, हूं, हूं. ती डोळे मिटून ऐकत होती. पान संपलं की “आनखी,” म्हणायची. मी दोनशे सात नोंदी वाचल्या. शेवटची पहाटे पाच एकतीसची होती. तेवढ्यात रोशन आत आला आणि म्हणाला, “माय, पत्रकार काका पाढे काहून म्हणून राह्यले?”

अकरा फेब्रुवारीला संध्याकाळी सव्वासात वाजता मी बातमी सांगायला बसलो. वीज नव्हती. टेबलावर मेणबत्ती. नागपूरचा नंबर फिरवला, घंटी वाजली, पलीकडे कुणी तरी उचललं. मी सवयीने सुरुवात केली.

“यवतमाळ येथील शिबिरात शस्त्रक्रिया झालेली बाराही मुले सुखरूप आहेत.”

“हूं.”

“त्यांत घाटंजी तालुक्यातील रोशन इंद्रजित भगत या सात वर्षांच्या मुलाचा समावेश आहे.”

“हूं.”

“रोशन आता रात्रभर शांत झोपतो.”

“हूं.”

हा आवाज नानाजींचा नव्हता. त्यांचा तंबाखूने भरलेला असतो. नवीन कुणी बसवलं असेल म्हणून मी पुढे सांगत गेलो. अकरा वाक्यं झाली. अकरा हूं आले. बातमी संपली. “उतरलं का?” मी विचारलं. उत्तर नाही.

तेव्हा खिशातला मोबाइल वाजला. रिसीव्हर डाव्या कानाशी तसाच धरून मी मोबाइल उजव्या कानाला लावला.

“का बे, कुठं हायेस?” नानाजी होते. “अर्ध्या तासापासून तुहा फोन लावून राह्यलो. घाटंजीचं एक्स्चेंज बंद हाये म्हणते सहापासून. बातमी देतं का पान छपाईले सोडू?”

“नंतर करतो,” मी म्हणालो आणि मोबाइल खाली ठेवला.

डाव्या कानात खरखर नव्हती, टोन नव्हता. कुणी तरी वाट पाहत होतं.

पहिलं मनात आलं ते शीलाताईचं. सोळा किलोमीटर. तिच्याकडे फोन नव्हता, गावात होता तो याच एक्स्चेंजवरचा. रिसीव्हर ठेवून निघालो असतो तर परत काय मिळालं असतं, ते मला माहीत नव्हतं. मी ठेवला नाही.

पण सांगायला काही उरलं नव्हतं.

“एक बाई होती,” मी म्हणालो.

“हूं.”

“घाटंजीच्या बाजारात तिचा आवाज हरवला.”

“हूं.”

एकेकच येत होता. रोशनचा आता रोशनला देता येत होता.

“मग ती कांदेवालीकडे गेली. म्हणाली, माझा आवाज पाहिला का?”

“हूं.”

पुढची गोष्ट मला येत नव्हती. ती कुणालाच येत नव्हती. मी काही तरी जुळवायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं. शब्द आला नाही. मेणबत्तीची ज्योत सरळ होती, जराही हलत नव्हती. माझ्या तोंडासमोर होती, तरी हलत नव्हती.

एक.

दोन.

तीन.

चार.

“हूं.”

आणि लगेच दुसरा. थोडा जाड, पुरुषी, नऊ वर्षांच्या मुलीला काढता येईल तेवढा. माझ्या आवाजात.

“हूं.”

मग माझा श्वास आला.